खीजडीच्या वावेची मोजणी

डभोई, ९ फेब्रुवारी १९००

तीर्थरूप अक्का,

जयवंतचा नमस्कार. तू बांधून दिलेल्या दशम्या तिसऱ्याच दिवशी संपल्या. त्या पंचाआड झाकून खाव्या लागल्या, हे आधी सांगतो, म्हणजे इकडची स्थिती तुला कळेल. रस्त्याच्या कडेला माणसे बसलेली असतात. ती मागत नाहीत, नुसती बघतात.

माझे काम काय, हे निघण्याच्या घाईत तुला सांगायचे राहिले. प्रांतातल्या जुन्या वेशी, देवळे, तलाव, पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरायच्या त्या वावा आणि नावाजलेली झाडे, या सगळ्यांची यादी करायची. प्रत्येकाचे माप घ्यायचे, नकाशा काढायचा. पुढे त्याचे पुस्तक व्हायचे आहे. हुकूम निघाला तेव्हा पाऊस पडेल असा सर्वांचा भरवसा होता. आता त्याच हुकुमाला एक ओळ जोडली आहे : ज्या वावेत पाणी असेल, किंवा गाळ काढल्यास लागेल, तिची नोंद वेगळी करावी. 'लोक मरताहेत आणि हा दगड मोजत फिरतोय' असे तुझे मामंजी म्हणतील, तेव्हा त्यांना ही ओळ वाचून दाखव.

इथली हिरा भागोळीची वेस पाहिली. हत्ती, वेली, नाचणाऱ्या बायका. बोट टेकायला कोरा दगड नाही. ज्याने ती बांधली त्या कारागिराला भिंतीत जिवंत चिणले असे गावात ज्याला त्याला ठाऊक आहे आणि प्रत्येक जण ते अभिमानाने सांगतो. वेशीपलीकडे तलाव कोरडा पडला आहे. तळाचा चिखल तडकून ताटाएवढ्या खपल्या झाल्या आहेत, त्या उचलून बायका कमळाचे कांदे उकरतात. तलावाकाठी एक थोर वड आहे. हात पोचेल तिथवर त्याला पान नाही. आधी गुरांसाठी ओरबाडले. आता गुरे नाहीत, तरी ओरबाडतात.

उद्या सावली तालुक्याकडे निघतो. तिथल्या नानी खीजडी गावात गाळाने भरलेली एक मोठी वाव आहे आणि तिच्यावरच दुष्काळी काम काढले आहे. त्या कामावरचे मुख्य कोण, सांगू? आपले दाजी. तेव्हा तुझा निरोप, लोणचे, जे काही असेल ते आता माझ्यामार्फत पाठव.

तुझा,
जयवंत


बडोदे, १५ फेब्रुवारी १९००

चि. जयवंता,

आशीर्वाद. तुझं पत्र मी मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. ती ओळ ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "असं असेल तर ठीक." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे शाबासकीच समज. चाळीस वर्षं घोड्यावर काढलेल्या माणसाला मोजपट्टी घेऊन फिरणारा सोयरा कसा पचावा?

तू वेशीचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मी बडोद्याबाहेर डाकोरखेरीज काही पाहिलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा जे जे बघशील ते मला सविस्तर लिहीत जा. चांगलंच लिही असं नाही. इकडे मी निरूला घेऊन पुलावर गेले होते. विश्वामित्री आटून डबक्यांवर आली आहे आणि त्या डबक्यांत मगरी एकमेकींच्या अंगावर पडल्यात. लोक पुलावरून बघत उभे. निरू म्हणाली, "आई, त्यांना पण पाणी नाही?" सहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? आजव्याच्या तलावाचं पाणी नळाला येतं म्हणून आपण शहरातले वाचलो. मांडवीच्या चौकात मात्र रोज बाहेरगावची नवी माणसं दिसतात.

आता मनातलं. तुझ्या दाजींचं दीड महिन्यात पत्र नाही. माणूस आला की निरोप येतो, "बरं आहे." पंधरा वर्षं त्यांच्या हाताखालची माणसं बढत्या घेऊन पुढे गेली आणि हे तिथेच राहिले. ह्या कामावर जाताना म्हणाले होते, "इंदिरा, ह्या खेपेला काहीतरी करून दाखवतो." ती जिद्द त्यांना खात असेल अशी मला भीती वाटते. तू जवळ आहेस, तर त्यांच्याकडे बघ. नीट जेवतात का? चिडतात का? माझ्यापासून लपवू नकोस.

लोणचं पाठवते आहे. ते तरी झाकून खाऊ नका, दोघं मिळून खा.

अक्का


नानी खीजडी, ११ मार्च १९००

तीर्थरूप अक्का,

लोणचे पोचले. दाजींची प्रकृती चांगली आहे. उन्हाने काळवंडले आहेत, आवाज बसला आहे, पण साडेतीनशे माणसांचे काम एका हाती चालवतात. सकाळी सर्वांत आधी तेच उठतात. आजारी माणसाला कामावरून काढत नाहीत, हलके काम देतात. हे तुला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. पाहिले ते लिहितो.

आता वाव. गावाबाहेर सपाट माळ आहे. त्यावर चालत गेलो तर पायाशी एकदम जमीन उघडते आणि पायऱ्या खाली जातात. एक मजला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक मजल्यावर दगडी खांब आणि त्यांवर आडव्या तुळया. बाहेर अंग भाजत असते आणि तिसऱ्या मजल्यावर थंडी वाजते. दोन मजले अजून गाळाखाली आहेत. खांबांवर घडे, पोपट, मोर कोरले आहेत. खरे मोर इथे आता उरले नाहीत. लोकांनी मारले नाहीत, तहानेने मेले.

हे सगळे मला दाखवले जीवीबेनने. पन्नाशीची विधवा बाई आहे. वाव झाडायचे काम तिच्या सासरच्या घराकडे पिढ्यानुपिढ्या होते, म्हणून ती तिला घरासारखी वागवते. कुणी आत थुंकले तर ओरडते. पहिल्याच दिवशी तिने मला तिसऱ्या मजल्यावरच्या डाव्या खांबाशी नेले आणि म्हणाली, "भाई, आ थांभलो बोले छे." कान लावला. खरेच, दुपार झाली की दगडातून बारीक टक्‌ असा आवाज येतो. वरची तुळई दोन बोटे तडकली आहे. खालचा गाळ निघू लागल्यापासून खांबाचा आधार सुटला असावा.

मी मोजणीवहीत सतराव्या पानावर तडा काढून त्याचे माप लिहिले, टेकू दिल्याशिवाय खाली काम करू नये असा शेरा मारला आणि दाजींची सही घेतली. त्यांनी सही केली, टेकूही दिले. पण इथे लाकूड कुठले? वावेच्या तोंडाशी रायणीची, म्हणजे आपल्या खिरणीची, सहा जुनी झाडे होती. माझ्या यादीत ती 'नावाजलेली झाडे' म्हणून लिहून झाली होती. ती तोडावी लागली. रायणी पिकायला महिना उरला होता आणि गाव त्या फळांवर डोळा लावून बसले होते. माणसे चिडली. जीवीबेनच मध्ये पडली. म्हणाली, "रायण खायला माणूस तर पाहिजे ना जिवंत?"

या टेकूंवरून दाजींचे आणि माझे किंचित वाजले. टेकूंनी पायऱ्यांची वाट अडते. दाजी म्हणतात, वरचे साहेब पाहणीला येतील तेव्हा ते काढू. मी म्हणालो, काढलेत तर मी वर लिहीन. ते हसले. तू काळजी करू नकोस, दोघेही एकाच ताटात जेवतो.

जयवंत


बडोदे, १ एप्रिल १९००

चि. जयवंता,

अखेर ह्यांचं पत्र आलं, चांगलं चार पानी! वावेला पाणी लागलं. २८ तारखेला पहिला झरा फुटला आणि साडेतीनशे माणसं खाली वाकून चुळा भरत होती, असं लिहिलंय. मी ते वाचताना रडले. मामंजींनी देवापुढे गूळ ठेवायला सांगितलं. त्या गावात आता कुणी तहानेनं मरणार नाही, आणि ते माझ्या नवऱ्यानं केलं आणि माझ्या भावानं केलं, हे मी घाटावरच्या मावशींपर्यंत कळवलं आहे.

पत्रात आणखीही आहे. १७ तारखेला वरचे साहेब प्रतापसिंहराव स्वतः पाहणीला येणार. काम पसंत पडलं तर ह्यांना तालुक्याची जागा मिळेल. आणि शेवटी तुझ्याविषयी दोन ओळी आहेत. "जयवंत हट्टाला पेटला आहे. टेकू चार तासांसाठी काढायचे म्हटले तरी वर तक्रार लिहीन म्हणतो. सोयऱ्यानेच माझ्याविरुद्ध लिहिले तर मी साहेबांपुढे कुठल्या तोंडाने उभा राहू?"

जयवंता, मी दगडातली काही जाणती नाही. तुझी विद्या मोठी आहे. पण लहानपणापासून तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पतंगाच्या काड्यासुद्धा मोजून घ्यायचास. वाव इतकी शतकं टिकली, ती चार तास टिकणार नाही का? ते काही अडाणी नाहीत. पुन्हा लावतीलच टेकू. त्यांच्याविरुद्ध वर लिहू नकोस. पंधरा वर्षांत ह्या घरात पहिल्यांदा आशेचं पत्र आलंय. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मागते.

अक्का


नानी खीजडी, २० एप्रिल १९००

अक्का,

दाजी सुखरूप आहेत. मीही आहे. मंगळवारी वावेचा काही भाग ढासळला. तुझ्या कानावर काय येईल ते माहीत नाही, म्हणून हे चार शब्द तातडीने पाठवतो. दाजी दोन दिवसांसाठी घरी येतील. त्यांना फार विचारू नकोस. मला सध्या लिहिणे होत नाही. तू इकडे येण्याचे मनात आणू नकोस, इथे पटकीही सुरू झाली आहे.

जयवंत


बडोदे, २७ एप्रिल १९००

चि. जयवंता,

हे येऊन गेले. तू विचारू नकोस म्हणालास, म्हणून मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

दहाही बोटांची नखं तुटली आहेत. भाताचा घास मलाच कालवून द्यावा लागला. चौदा माणसं गेली म्हणाले. दगड हातांनी उपसले म्हणाले. निरू मांडीवर येऊन बसली तर तिला उतरवून ठेवलं. मी म्हटलं, "तुम्ही काय कराल? दैवात होतं." तर म्हणाले, "दैव कसलं? आत जायची मनाई होती. ती जीवी म्हणून बाई आहे, तिनं त्यांना आत नेलं. पाण्याच्या लोभानं."

हीच ना ती, जिनं तुला वाव दाखवली? तुला किती लागलं असेल. तू जीव लावून काढलेली वाव गेली आणि ती घालवली तुझ्याच ओळखीच्या बाईनं. तिला छावणीत पहाऱ्यात ठेवलंय असं कळलं. मला तिचा राग येतो आणि कीवही येते.

एक काम आहे. चौकशीला भास्करराव नेमले आहेत. त्यांची कचेरी इथेच आहे आणि ते राहतात रावपुऱ्यात. हे म्हणाले, "जयवंतकडची मोजणीवही मला पाहिजे. त्याला पत्र घाल, तुझं ऐकेल." वावेची मापं चौकशीत लागतील, असं मी समजते. ती ह्यांच्याकडे लगेच पाठव. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. फार थकले आहेत रे. घरी असताना दोनदा झोपेतून उठून बसले आणि "मोजा, मोजा" म्हणाले.

अक्का


सावली, २ मे १९००

अक्का,

हे पत्र मामंजींना वाचून दाखवू नकोस. आधी एकटी वाच.

जीवीबेनने कुणाला आत नेले नाही. झाले ते असे. सोमवारी १६ तारखेला दाजींनी टेकू काढवले. मी समोर उभा होतो. वर पाठवायचे पत्र मी लिहिले होते, ते माझ्या खिशात होते. टपालाची थैली घेऊन जासूद माझ्यापुढून गेला आणि मी हात वर केला नाही. याला तुझे पत्र कारण आहे असे समजू नकोस. भिणारा मी होतो.

मंगळवारी सकाळी साहेब आले, पायऱ्या उतरले, पाणी प्याले, दाजींच्या पाठीवर थाप मारून दहाच्या सुमारास गेले. टेकू वर माळावर रचून ठेवले होते. ते परत बसवायचे तर सुतार हवेत, आणि सुतारांना साहेबांच्या पुढच्या मुक्कामी मांडव घालायला नेले होते. दाजी म्हणाले, "उद्या सकाळी पहिलं काम हेच."

दुपारच्या सुट्टीत माणसे बसणार कुठे? रायणी आम्हीच तोडलेल्या. दोघे उन्हाने भोवळ येऊन पडले. बायका दाजींकडे गेल्या, "साहेब, वावेत बसू?" मी तिथेच होतो. दाजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बसा. वरच्या मजल्यावरच बसा." माणसे थंडाव्याला सरकत सरकत तिसऱ्यावर गेली. जीवीबेन तोंडाशी आडवी उभी राहून "ना, ना" करत होती, तिला बाजूला सारून गेली. मग ती त्यांना बाहेर बोलवायला आत उतरली. तिला उतरताना सगळ्यांनी पाहिले, तेवढेच आता सांगितले जाते.

आवाज मोठा झाला नाही. धूळ आली, आणि मग कुणीतरी पायऱ्यांवरून वर येत होते, तो जीवीबेनचा हात धरलेला एक म्हातारा होता. तिचा दुसरा हात मोडून लोंबत होता. आतून नऊ बायका आणि पाच पुरुष काढले. दाजींनी खरेच नखे तुटेपर्यंत दगड उपसले. तीन तास. नंतर ते दगडावर बसून राहिले. आणि संध्याकाळी जबाब लिहून देताना त्यांनी जीवीबेनचे नाव लिहिले. मी त्यांना विचारले, "दाजी, हे काय?" ते म्हणाले, "तिच्यामागं कोणी नाही. माझ्यामागं चार माणसं आहेत."

सतराव्या पानावर तडा आहे, माझा शेरा आहे आणि खाली दाजींची सही आहे. म्हणून त्यांना ती वही पाहिजे. मी ती त्यांना दिली नाही. पण भास्कररावांकडे पाठवायलाही माझे मन धजत नाही. ते पान पुढे गेले की तुझे घर बसते. वही या पत्राबरोबर विश्वासू माणसाच्या हाती तुझ्याकडे पाठवतो. तू काय करशील ते मला मान्य आहे.

जयवंत


बडोदे, ५ मे १९००

जयवंता,

वही काल मिळाली. सतरावं पान पाहिलं. सही त्यांचीच आहे. 'द'ची शेपूट ते तशीच ओढतात.

"तू काय करशील ते मला मान्य आहे." असं लिहायला तुला काही वाटलं नाही? तू पुरुष माणूस, नोकरी तुझी, मोजणी तुझी, डोळ्यांनी बघितलंस तू. आणि ठरवायचं मी? टपाल तुझ्यासमोरून गेलं म्हणतोस. आता तेच टपाल तू माझ्या दारात आणून टाकलंस.

आणि माझं पत्र कारण नाही म्हणतोस. मला वाचता येतं. माझं पत्र १ एप्रिलचं आहे.

वही माझ्या लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवली आहे. मला थोडे दिवस दे. हे परवा पुन्हा घरी येणार आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय मला काही सुचणार नाही.

अक्का


नानी खीजडी, १० मे १९००

तीर्थरूप अक्का,

तू लिहिलेस ते सगळे खरे आहे.

काल भास्कररावांचा कारकून इथे आला होता. मी त्याच्यापुढे तोंडी सगळे सांगितले, लिहूनही दिले. तो म्हणाला, "साहेब म्हणतील, मेहुण्यांचं भांडण आहे. पडल्यावर कुणीही सांगेल की तडा होता. पडण्याआधीचा कागद आहे का?" अक्का, मी पुन्हा गप्प राहिलो, कारण कागद तुझ्याजवळ आहे हे सांगितले असते तर तुझ्या घराची झडती झाली असती.

आज जीवीबेनला पाहून आलो. छावणीतल्या धान्याच्या रिकाम्या कोठीत ठेवली आहे. हात सुजून काळा पडला आहे. वैद्य पटकीच्या रोग्यांतून उठत नाही. तिने मला विचारले, "भाई, वहीत ते काढलं होतंस ना, थांभल्याचं?" मी म्हणालो, हो. "तर मग सोडतील," म्हणाली, आणि भिंतीकडे वळून पडून राहिली. तिला माझ्यावर इतका भरवसा का वाटतो ते मला कळत नाही. तिच्या कोठीशेजारी काल दोघांना पटकी झाली.

तुझ्यावर टाकायला नको होते. मला ते उचलून परत घेता येईल तर घेतो. वही माझ्याकडे पाठव, नाहीतर भास्कररावांकडे. पण लवकर.

जयवंत


नानी खीजडी, १६ मे १९००

तीर्थरूप अक्का,

तुझ्या मोठेपणापुढे काय लिहावे? जीवीबेनला सोडण्याचा हुकूम काल, मंगळवारी दुपारी इथे पोचला. दाजींना कामावरून दूर केल्याचाही. भास्कररावांनी वही पाहिल्याबरोबर लिहिला असे स्वाराने सांगितले.

जीवीबेन रविवारी सकाळी पटकीने गेली. तिला मी आणि तिच्या गावची तीन माणसे घेऊन गेलो. हुकूम मी तिच्या दिराला वाचून दाखवला. तो म्हणाला, "कागद तुम्हीच ठेवा."

जयवंत


बडोदे, २४ मे १९००

चि. जयवंता,

मोठेपणा नाही. झालं ते सांगते.

हे ७ तारखेला आले आणि तीन दिवस राहिले. मी रोज ठरवायची, आज विचारीन. ते निरूला अक्षरं गिरवायला बसवत, मामंजींचे पाय चेपत. इतके मऊ ते मला लग्नाच्या नव्या दिवसांतही कधी दिसले नव्हते. मी मनाशी म्हणायची, ह्या माणसानं हे केलंच नसेल. आणि पेटीपाशी गेले की सही दिसायची. त्यांनी एकदाच विचारलं, "जयवंतनं वही पाठवली का?" मी म्हणाले, "नाही." चौदा वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं खोटं. ते गेले आणि त्यानंतरही वही पेटीतच होती.

शनिवारी तुझं पत्र आलं. रविवारी सकाळी मी मामंजींपुढे बसले आणि दोन्ही पत्रं, सतरावं पान, सगळं वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी विचारलं, "सही त्याचीच?" म्हटलं, "त्यांचीच." "नक्की?" "नक्की." मग उठले, पागोटं मागितलं, टांगा आणायला सांगितला. मला म्हणाले, "तू चल. मला वाचता येत नाही, तिथं पान कोण दाखवणार?"

रावपुऱ्यात भास्कररावांच्या ओटीवर आम्ही दोघं उभे होतो. मी पान उघडून दिलं. मामंजींनी सांगितलं, "दत्ताजीरावाचा बाप सुभानराव. ही सही माझ्या मुलाची आहे." आवाज हलला नाही. टांग्यात चढताना मात्र त्यांना पायरीवर पाय ठेवता येईना. मी आणि टांगेवाल्यानं धरून चढवलं. तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत.

आम्ही ओटीवर उभे होतो तेव्हा ती गेलेली होती. तुझ्या पत्रातला वार वाचला आणि मी बोटांवर मोजलं. वही चार तारखेला आली, तेराला गेली. नऊ दिवस माझ्या लुगड्यांखाली होती. दुसऱ्या दिवशी नेली असती तर तिला हात बांधून घ्यायला तरी मिळालं असतं. पटकी झाली नसती असं नाही म्हणत. पण कोठीत झाली नसती.

हे घरी आले शुक्रवारी. सगळं ठाऊक होऊनच आले होते. मला वाटलं ओरडतील, हात उगारतील. ओसरीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले. मग म्हणाले, "मला विचारलं असतंस, तर मीच नेऊन दिली असती."

जयवंता, हे खरं असेल का? मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते अक्षरं गिरवायला बसवणारे दिवस मला आठवले, आणि वाटलं, कदाचित ते तेवढ्याचीच वाट बघत असतील, कुणीतरी विचारण्याची. मग तू लिहिलेलं आठवलं, "तिच्यामागं कोणी नाही." ह्या दोन्ही वाक्यांचा माणूस एकच आहे आणि मी त्याला रोज दोन वेळा वाढते. तो काय करणार होता ते आता मला कधीच कळणार नाही. त्यालाही कळणार नाही.

खटला उभा राहील म्हणतात. मांडवीत बायका मला बघून बोलायच्या थांबतात. कोणी म्हणतं नवऱ्याला बुडवणारी, कोणी म्हणतं धीराची. दोघींनाही मी काही सांगत नाही. मामंजींनी अजून मुलाशी एक शब्द काढलेला नाही. पण काल त्यांच्या पायांना तेल लावायला हे बसले तेव्हा त्यांनी पाय आखडून घेतले नाहीत.

त्या बाईच्या दिराला माझ्याकडून काही पाठवू नकोस. धान्य नाही, कपडा नाही, निरोपही नाही. मी पाठवलं तर त्याला ते घ्यावं लागेल, भुकेला माणूस आहे. ते मला नको.

आणि तुला एकच सांगणं. "अक्का, तुझा दोष नाही" असं मला कधी लिहू नकोस. मीही तुला लिहिणार नाही.

इंदिरा